बदली माझी नव्हती

चाळीसगावच्या स्टेशनवर मला पोचवायला आमची निम्मी गल्ली आली होती आणि गाडी येईपर्यंत तिथे एकाच गोष्टीवर घोळ चालला होता. बदली झाशीला झाली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ती कोणाची झाली, हे मात्र कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. खरं तर ती बदलीही नव्हती, पहिलीच नेमणूक होती. पण आमच्या गल्लीत सरकारी माणूस गाव सोडून निघाला की त्याला बदलीच म्हणतात. आणि सरकारी माणूस मी नव्हतो. माझी बायको मेघना रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागली होती, झाशीच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात. ती तीन महिन्यांपूर्वीच जाऊन हजर झाली होती. मी नाशिकच्या एका कंपनीतली कंत्राटी सुपरवायझरी सोडून, मिक्सर, कुकर आणि दोन गाद्या घेऊन तिच्यामागे निघालो होतो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एस.टी. डेपोत मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. त्यांची फार पंचाईत झाली होती. "लोकायले काय सांगू मी? पोरगा बायकोमागं निघाला म्हणू?" असं त्यांनी घरात आईला विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, "तसंच सांगा. सून नोकरीला गेली, पोरगा सोबत गेला. त्यात काय चोरी आहे?" आप्पांना ते झेपलं नाही. प्लॅटफॉर्मवर ते प्रत्येकाला 'निलेशला तिकडे काम निघालं' एवढंच सांगत राहिले, आणि काय काम असं कोणी विचारलं की गाडीचा सिग्नल बघायला लागायचे.

गाडी आली. आई खिडकीतून म्हणाली, "पोचला की फोन करजो." गाडी हलली तेव्हा आप्पा सोबत चार पावलं चालले आणि म्हणाले, "एक लक्षात ठेव. परमुलखात नोकरी करावी, धंदा करू नये. नोकरी माणसासोबत येते, धंदा मागं राहतो." मी मान हलवली. माझ्याकडे तेव्हा नोकरीही नव्हती आणि धंद्याचा विचारही नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलला.

हे मी दोघांसाठी लिहितोय. जे तिकडे राहिले त्यांच्यासाठी, आणि रेल्वेच्या रुळांनी ज्यांना झाशी, इटारसी, जबलपूर असं कुठे कुठे नेऊन टाकलं त्यांच्यासाठी. माझ्या गोष्टीचा अर्थ तुमच्यापैकी कोणाला लागला तर मला जरूर कळवा. मला अजून लागलेला नाही.

झाशीत आम्हाला रेल्वे कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पहिलं वर्ष मी घरात काढलं. सकाळी मेघना डबा घेऊन कारखान्यात जायची, आणि मी दारात उभा राहून तिला निरोप द्यायचो. शेजारच्या कुशवाहा भाभी कपडे वाळत घालता घालता रोज विचारायच्या, "काए भैया, आज सोई घरई में?" म्हणजे, का हो, आजही घरातच? त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच काळजी वाटायची की या धडधाकट माणसाला झालंय तरी काय. कॉलनीत माझं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मी 'मैडम जी वाले भैया' होतो. भाजीवाला भाव मेघनाशी ठरवायचा आणि पिशवी माझ्या हातात द्यायचा.

मला ते लागायचं. मी हसून घालवायचो, पण लागायचं. फोनवर आप्पा विचारायचे, "काम कसं चाललंय?" आणि मी म्हणायचो, बरं चाललंय.

कॉलनीत आमची मराठी घरं थोडीच, पण गणपतीला आणि हळदीकुंकवाला सगळी गोळा व्हायची. शहरात जुनी मराठी घरंही आहेत, पिढ्यानपिढ्या तिथेच असलेली. त्यांच्यापैकी एक काकू अजून भिंतीतल्या कपाटाला फडताळ म्हणतात, आणि त्यांच्या नातवाला मराठीत काही विचारलं तर तो हिंदीत उत्तर देतो. त्या घरांमध्ये कोणी परत जाण्याची भाषा करत नाही. जायचं कुठे, असं ते विचारतात. आम्हा रेल्वेवाल्यांचं तसं नाही. आमच्यात अर्जाची प्रथा आहे.

नोकरी लागली की लवकरात लवकर आपल्या मुलखात बदली मागणारा अर्ज टाकायचा. तिला विनंती बदली म्हणतात. विनंती अशी की मला घराकडे जाऊ द्या. त्या बदल्यात माझी ज्येष्ठता गेली तरी चालेल, तिकडच्या यादीत मी सगळ्यांच्या खाली उभा राहीन. मग वर्षानुवर्षं वाट बघायची. हळदीकुंकवाला बायका कुंकू लावता लावता एकमेकींना विचारतात, "तुमचा नंबर कुठवर आला?" एखाद्याची मुलं बारावी होतात, घराचे हप्ते झाशीतच सुरू होतात, तरी अर्ज असतोच. ज्यांना आता जायचं नाहीये, तेही तो काढून घेत नाहीत. काढून घेणं म्हणजे गावाकडच्या म्हाताऱ्यांना 'आम्ही येत नाही' असं तोंडावर सांगणं. तेवढी हिंमत आमच्यात कोणाची नाही. त्यापेक्षा नंबर पुढे सरकत राहिलेला बरा. सुट्टीत गावी गेल्यावर सांगायला काहीतरी असतं.

आमचा अर्ज मी टाकायला लावला. मेघना म्हणत होती, आधी जरा स्थिरावू दे. मी ऐकलं नाही. भुसावळ मिळालं तर चाळीसगावहून रोज ये-जा करता येईल, हे मी तिला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी कंटाळून तिने अर्ज टाकला. आप्पांना कळवलं तेव्हा त्यांनी फोनवरच विचारलं, "मग मागच्या खोलीला फरशी टाकून घेऊ का?"

धंदा सुरू झाला तो कुटामुळे. मेघनाच्या एका सहकाऱ्याकडे मऊरानीपुरला लग्नाला गेलो होतो. थंडीचे दिवस होते आणि मंडीत भुईमुगाच्या शेंगांचे ढीगच्या ढीग पडले होते. आमच्या खानदेशात दाण्याचं कूट नसलेली भाजी म्हणजे आजाऱ्याची भाजी. झाशीत ते तयार कुठे मिळायचं नाही, आणि कॉलनीतल्या नोकरदार बायका रविवारी दाणे भाजत, सोलत बसायच्या. मला वेळच वेळ होता. मी एक पोतं आणलं, घरीच भाजलं, पाखडलं, कुटलं आणि मराठी घरांमध्ये पाकिटं दिली. ती संपली. मला वाटलं, आता झाशी आपली.

मग मी सीपरी बाजारातल्या एका किराणा दुकानदाराकडे पाकीट घेऊन गेलो. त्याने चिमूटभर तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि विचारलं, "अच्छा है भाईसाहब, पर इसका करें क्या?" मी म्हणालो, सब्ज़ी में डालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीट उचलून घेतलं. बुंदेलखंडात शेंगा उन्हात बसून, मीठ-मिरचीच्या चटणीबरोबर, गप्पा मारत खायच्या असतात. त्यांचा भुगा करून भाजीत घालायचा, हे त्यांच्या दृष्टीने चांगल्या वस्तूचं वाटोळं करणं. पुढचं वर्ष मी लोकांना कूट समजावण्यात घालवलं. शेवटी अक्कल आली आणि मी त्यांना जे हवं ते करायला लागलो: मसाल्याचे भाजके दाणे, गुळाची चिक्की आणि चटणीची पूड. कूट फक्त मराठी घरांपुरतं ठेवलं. कानपूर रस्त्यावर एक शेड भाड्याने घेतली, भट्टी बसवली, दाणे निवडायला आणि पाकिटं भरायला आजूबाजूच्या बायका-मुली आल्या. गाडी रुळावर आली. एव्हाना ओवीचाही जन्म झाला होता, आमच्या मुलीचा. ती "पप्पा, मला भूक लगी है" असं बोलायला लागली तेव्हा आईला फोनवर हसू आवरेना.

आप्पांना मी धंद्याचं सांगितलंच नाही बराच काळ. त्यांना ते गावातल्या कोणीतरी मोबाइलवर दाखवलेल्या फोटोवरून कळलं. तो फोटो एका कॉलेजातला होता. आमच्याकडून चिक्की नेणारे एक प्राध्यापक होते. त्यांनी मला मुलांसमोर बोलायला बोलावलं आणि फलकावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'युवा उद्यमी', म्हणजे तरुण उद्योजक. मी घाबरत घाबरत गेलो. माझी हिंदी चाळीसगावची, 'मेरे को' वाली. पोरं हसली. मग मी माझं हसं कसं झालं तेच सांगत गेलो, घरात बसलेला नवरा, कुटाचं पाकीट, दुकानदाराचा चेहरा, आणि पोरं वेगळ्या तऱ्हेने हसायला लागली. शेवटी माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं: "घर छोड़कर मत जाओ. काम को घर बुलाओ." सभागृहात टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या मला फार आवडल्या.

ते वाक्य मग माझं झालं. मोठ, एरच, मऊरानीपुर, जिथे युवकांचा मेळावा असेल तिथे मला बोलावणं यायचं. नुसता बोलून परत आलो असं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहितो. एरचला बेतवा नदीकाठच्या गावांतल्या मुलींना शिकवणीहून परत जायला संध्याकाळची बस नव्हती. त्यासाठी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि बस सुरू करून घेतली. कर्जासाठी पोरांबरोबर बँकेत जाऊन बसलो. जिल्ह्याच्या युवा समितीवर माझं नाव लागलं. लोक मला सर म्हणायला लागले. आणि गंमत बघा, घर सोडून जाऊ नका असं दिवसभर परमुलखातल्या पोरांना सांगणारा हा माणूस संध्याकाळी आईला फोन करून म्हणायचा, "नंबर सरकतोय. येऊच लवकर." दोन्ही वेळा मी खरंच बोलायचो. हे कसं जमायचं, मला सांगता येणार नाही.

ज्योतीची गोष्ट याच काळातली. ज्योती मोठची. पाकिटं भरायला आली आणि दोन वर्षांत सगळी शेड सांभाळायला लागली. तिचा भाऊ इंदूरला एका कंपनीत होता, त्याने तिला तिथे नोकरी बघून ठेवली होती. तिला जायचं होतं. पण तिने माझं भाषण ऐकलं होतं, एकदा नाही, दहादा. ती गोंधळली आणि मला विचारायला आली. मी मेघनाला घेऊन मोठला तिच्या घरी गेलो आणि तिच्या वडिलांना सांगितलं की इथलं काम वाढणार आहे, मुलीला लांब पाठवू नका, मी आहे ना. ते भले गृहस्थ. चहा पुढे करत म्हणाले, "मोड़ी आपके भरोसे छोड़ रए, सर." मोड़ी म्हणजे मुलगी. ज्योती इंदूरला गेली नाही. परतताना गाडीत मेघनाने डोळे मिटून घेतले. तेव्हा मला वाटलं ती दमली असेल.

आणि मग ऑर्डर आली.

मी शेडमध्ये होतो. मेघनाचा फोन आला. ती नुसतं "आली" म्हणाली. मी विचारलं, काय आली? "ऑर्डर. भुसावळ." मी पोत्यावर बसलो आणि मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हे, आनंदाचं. मला वाटायचं मी झाशीचा झालोय, मला त्या अर्जाचं आता काही नाही; आणि ऑर्डर आल्याबरोबर मी लहान पोरासारखा रडत होतो. डोळ्यांसमोर स्टेशनबाहेरची चहाची टपरी, गल्लीच्या तोंडाचा कडुनिंब, आई, सगळं एकदम आलं. ज्योती धावत आली. "सर, घर पे सब ठीक है?" मी म्हणालो, हां, सब ठीक. ती पुन्हा भट्टीकडे गेली आणि मी तिच्या पाठीकडे बघत बसलो. आनंद तेवढ्यात संपला.

घरी येईपर्यंत मी सगळं ठरवून टाकलं होतं. नाकारायची. नाकारलं तर नाव यादीतून जातं आणि पुन्हा मागायची झाली तर पार शेवटी उभं राहावं लागतं, पण राहू. मी मेघनाला ते सगळं एका दमात सांगितलं. वाटलं, ती सुटल्यासारखी हसेल. तिची इथे ज्येष्ठता होती, तिच्या हाताखालचे लोक तिला मानत होते, भुसावळला ती सगळ्यांच्या खाली जाणार होती. ती ओवीच्या वेण्या सोडत होती. तिने त्या पूर्ण सोडल्या आणि म्हणाली, "मी जाणार आहे."

मी म्हणालो, अगं, अर्ज मी टाकायला लावला होता.

"टाकायला तू लावलास," ती म्हणाली. "पण राहू दिला मी. तुला मैडम जी वाले भैया म्हणायचे तेव्हा तुला किती लागायचं, मला दिसायचं. आता कारखान्यात नवा साहेब आला की माझी ओळख काय करून देतात माहीत आहे? मूंगफली वाले सर की मिसेस. या गावात तुला मी आणलं, निलेश."

मला वाटत होतं, इतकी वर्षं तो अर्ज माझ्यासाठी यादीत होता. तो तिचा झाला होता आणि मला पत्ता नव्हता. मी विचारलं, मग आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, "तू रोज संध्याकाळी आईंना सांगत होतास ना, येऊच लवकर म्हणून. मला वाटलं, तुलाही जायचंय." नंतर जेवताना मी ताटावर तसाच बसून राहिलो. ओवीने माझ्या ताटातला पापड उचलला.

त्याच आठवड्यात मऊरानीपुरला मेळावा होता, आधीच कबूल केलेला. ज्योतीही आली होती, तिचा सत्कार होता. मी बोलायला उभा राहिलो आणि नेहमीच्या वाक्यापाशी आलो तर ते तोंडातून निघेना. मधेच एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, आप तो महाराष्ट्र के हैं ना? आपने अपना घर क्यों छोड़ा?" एरवी या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर असायचं, हशा पिकवणारं. त्या दिवशी मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "पता नहीं. मेरे को सच में पता नहीं." लोकांना वाटलं हा माझा विनय. टाळ्या पडल्या. नेहमीपेक्षा जास्तच.

परतताना ज्योती गाडीत मागे बसली होती. ऑर्डरचं मी तिला सांगितलं नव्हतं, पण रेल्वे कॉलनीतली बातमी शेडपर्यंत यायला कितीसा वेळ लागतो. गावाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, आप जा रहे हैं?" मी म्हणालो, अजून ठरलं नाही. तिने सत्काराची शाल घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "हमको तो नहीं जाने दिया आपने." आवाज चढवला नव्हता. मला मात्र तिच्याकडे वळून बघवेना. वीस-बावीस गावांमध्ये जे वाक्य टाळ्या घेत फिरलं होतं, त्याचा अर्थ मला असा पाठीमागून ऐकायला मिळाला.

मी राहिलो. ज्योतीसाठी राहिलो असं म्हणायला मला आवडतं आणि लोकांना ऐकायला आवडतं. पण टाळ्यांसाठी राहिलो की काय, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तिकडे मी पुन्हा कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी मुलगा. इथे मी सर. आई म्हणाली, "अरे, आपल्याकडे काय शेंगा पिकत नाहीत? इथं लाव भट्टी." आप्पांना मी सांगितलं की मेघना आणि ओवी येताहेत, मी वर्षभर तरी इकडेच आहे. मग ते म्हणाले, "म्हणजे आता सून इथं आणि पोरगा तिथं. निलेश, आता लोकायले काय सांगू मी?" धंदा मागं राहतो, एवढंच ते मला तेव्हा बोलले होते. धंद्यापायी माणूसही मागं राहतो, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं.

क्वार्टर मेघनाच्या नावावर होतं, ते गेलं. सामान बांधताना कुशवाहा भाभी मेघनाच्या गळ्यात पडून रडल्या आणि मला म्हणाल्या, "भैया, तुम अकेले का करहो?" स्टेशनवर मी प्लॅटफॉर्मवर उभा आणि त्या दोघी डब्यात. घर सोडायचा मला सराव होता, मागे राहायचा नव्हता. गाडी हलल्यावर काय करायचं असतं तेच समजेना. मी चार पावलं सोबत चाललो. काहीतरी सांगावं असं वाटलं, पण सांगण्यासारखं सुचलं नाही. आप्पांना निदान एक वाक्य तरी सुचलं होतं. मेघनाने खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला, मग सोडावा लागला.

आता मी सीपरी बाजारात एका खोलीत भाड्याने राहतो. खोली घेताना मालकाने विचारलं, "फैमिली कहाँ है?" मी म्हणालो, महाराष्ट्र में. "तो आप यहाँ नौकरी पर हैं?" मी नाही म्हणालो. त्याने आगाऊ भाडं जास्त मागितलं. मेघना चाळीसगावहून भुसावळला रोज ये-जा करते. ज्या ये-जासाठी मी तिच्या मागे लागलो होतो, ती आता तिची आहे. ती म्हणते, यादीत सगळ्यांच्या खाली उभं राहायला त्रास होतो, पण सकाळी गाडीत बसताना बरं वाटतं. आप्पा तिला स्टेशनवर सोडायला जातात आणि भेटेल त्याला सांगतात, सून रेल्वेत इंजिनिअर आहे. माझं काय सांगतात, ते मी विचारलेलं नाही.

दिवाळीला गेलो होतो. आईने नवा टॉवेल काढून दिला, पाहुण्यांना देते तो. गल्लीत प्रत्येकाने विचारलं, कधी आलात आणि किती दिवस? साखर कुठे ठेवली आहे ते मला मेघनाने सांगितलं. चार दिवस मजेत गेले आणि पाचव्या दिवशी मला शेडची, ज्योतीच्या ओरडण्याची, शेंगांच्या धुराची इतकी आठवण आली की मीच चकित झालो. तिकीट आणखी दोन दिवसांनंतरचं होतं. झाशीला उतरलो आणि रिक्षात बसेपर्यंत चाळीसगाव पुन्हा छातीत येऊन बसलं. एका मनाला दोन घरं परवडत नाहीत असं मी आजवर लोकांच्या तोंडून ऐकायचो. माझ्या मनाला तर एकही धड परवडत नाही.

ज्योतीला मी स्पष्ट सांगितलंय की इंदूरला जायचं असेल तर आजही जा, मी तुझ्या वडिलांशी बोलेन. ती म्हणाली, सोचेंगे. अजून विचार करते आहे. मेळाव्यांना मी जातो, पण ते वाक्य म्हणत नाही. पोरं विचारतात, सर, जाएँ कि न जाएँ? मी त्यांना विचारतो, तुमच्या जाण्याने किंवा राहण्याने घरात आणखी कोण बांधलं जाणार आहे, ते आधी विचारून या. टाळ्या आता कमी पडतात.

परवा ओवीचा फोन आला. तिने शाळेतलं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "पप्पा, आपण घरी कधी जाणार?" मी म्हणालो, अगं, तू घरीच आहेस ना, आजी-आजोबांकडे. ती चिडली. "ये तो आजी का घर है. अपना वाला." तिचं अपना वाला म्हणजे कॉलनीतलं क्वार्टर. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. शेडवर जाताना मला ते रस्त्यावरून दिसतं, दोरीवर त्यांचे कपडे असतात, आणि मी तिकडे बघत नाही असं म्हणत बघतो. हे मी तिला सांगितलं नाही. जाऊ, एवढंच म्हणालो.

"तुम अभी कहाँ हो?" तिने विचारलं.

झाशीला, मी म्हणालो.

"तो फिर घर पे ही हो," ती म्हणाली, आणि फोन आजीच्या हातात देऊन खेळायला पळाली.